नकलेच्या पाठीवरच्या तारखा

दिवाणी न्यायालयाच्या नक्कल विभागातून निकालाची सही-शिक्क्याची प्रत हातात आली, की पक्षकार आधी शेवटचे पान उघडतो. हरलो की जिंकलो, ते तिथे असते. वकील तोच कागद उलटा करतो. पाठीमागे एक शिक्का असतो आणि त्यात तीन-चार ओळी: नकलेसाठी अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. बहुतेकदा शाई फिकट असते, कारकुनाचे अक्षर घाईचे असते. पण निकालाच्या चाळीस पानांत जे लिहिले आहे त्याला वरच्या न्यायालयात आव्हान देता येईल की नाही, ते या तीन तारखांवर ठरते.

हिशेब समोर मांडून पाहावा. तालुक्याच्या न्यायालयात ३ जूनला निकाल लागला. जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस. निकालाचा दिवस मोजायचा नाही, म्हणजे मुदत ३ जुलैला संपते. पक्षकाराने १० जूनला नकलेचा अर्ज दिला आणि नक्कल २४ जूनला तयार झाली, तर हे दोन्ही दिवस धरून १५ दिवस हिशेबातून वगळले जातात आणि मुदत १८ जुलैपर्यंत जाते. मात्र नक्कल तयार होऊनही ती न्यायला कोणी आठ दिवसांनी आला, तर ते आठ दिवस त्याच्या खात्यावर पडतात. शेवटच्या दिवशी न्यायालयाला सुट्टी असेल, तर उघडल्या दिवशी अपील चालते. १९६३ च्या मुदत कायद्यातली ही कलमे दिसायला साधी आहेत. पण निकालानंतर खचलेल्या माणसाला हा हिशेब कोणी समजावून सांगितलेला असतो का? बहुतेक वेळा वकिलाच्या टेबलावर एवढेच कानावर पडते: ‘अपील करू, नंतर या.’ हे ‘नंतर’ कधी, ते ठरत नाही.

या व्याख्यानाचा विषय आहे मुदत टळल्यानंतर द्यावा लागणारा विलंब माफीचा अर्ज. व्याख्यानमालेच्या व्यासपीठाला हा विषय कोरडा वाटेल. परंतु अपिलात न्याय मिळतो की नाही, या प्रश्नाच्या आधी अपील ऐकले तरी जाते का, हा प्रश्न येतो. त्या उंबरठ्यावर किती माणसे थांबतात, हे न्यायालयाच्या आवारात रोज वावरणाऱ्यांना ठाऊक आहे.

कायद्याची रचना थोडक्यात अशी. मुदत कायद्याचे कलम ३ कठोर आहे. मुदतीबाहेरचा दावा, अपील किंवा अर्ज सामनेवाल्याने हरकत घेतली नाही तरी न्यायालयाने फेटाळलाच पाहिजे. त्या कठोरपणाला कलम ५ ची सवलत आहे. वेळेत न येण्यास ‘पुरेसे कारण’ होते अशी न्यायालयाची खात्री पटली, तर अपील उशिराही दाखल करून घेता येते. मूळ दाव्याला ही सवलत नाही, अपिलाला आणि बहुतेक अर्जांना आहे. ‘पुरेसे कारण’ म्हणजे काय, याची व्याख्या कायदा करत नाही. आजारपण, मृत्यू, पूर, वकिलाची चूक, चुकीच्या न्यायालयात गेलेला वेळ यांपैकी काहीही त्यात बसू शकते आणि काहीही बाहेर राहू शकते. सगळा भार न्यायाधीशाच्या विवेकावर आहे.

मुदत असावीच कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. उत्तर जिंकलेल्या माणसाच्या घरी मिळते. वीस वर्षे भांडून ज्याला हुकूमनामा मिळाला, त्याला कधीतरी निर्धास्त झोप मिळाली पाहिजे. जमीन ताब्यात आली, तिच्यावर विहीर खोदली, मुलीच्या लग्नासाठी तुकडा विकला, आणि सहा वर्षांनी नोटीस आली की सामनेवाला अपिलात आला आहे, तर त्या हुकूमनाम्याला काय किंमत उरली? मुदत हे त्याचे संरक्षण आहे. पण संरक्षणाची हीच वस्तू दुसऱ्याच्या हाती गेली की काय होते, याचा अनुभव महाराष्ट्राने फार पूर्वी घेतला आहे.

१८५९ साली ब्रिटिश सरकारने मुदतीचा कायदा केला. कर्जरोख्यावरचा दावा तीन वर्षांत लावला पाहिजे, असे त्यात ठरले. व्याजावर व्याज चढून कुणबी बुडू नये, हा हेतू. दख्खनमध्ये घडले उलटे. तीन वर्षे भरत आली की सावकार रयतेला बोलावून नवा रोखा लिहून घेई. थकलेले व्याज मुद्दलात मिळवले जाई आणि त्या वाढलेल्या मुद्दलावर पुन्हा व्याज सुरू होई. अंगठा उठवणाऱ्याला कागद वाचता येत नव्हता, आणि मुदतीचे घड्याळ कागद लिहिणाऱ्याच्या हाती होते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे काढून जाळले. त्या दंग्यांना सारावाढ, कापसाचे पडलेले भाव अशी कारणे होती, आणि हा तीन वर्षांचा फेराही होता. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने त्या मुलखापुरती मुदत वाढवली: साध्या रोख्याला सहा वर्षे, नोंदणी केलेल्याला बारा. ती सगळी मूळ दाव्यांची गोष्ट, अपिलांची नव्हे. तरी तिच्यातला धडा इथे थेट लागू पडतो. मुदत सर्वांना सारखी असली, तरी ती पाळण्याचे बळ सर्वांना सारखे नसते.

स्वातंत्र्यानंतरच्या न्यायालयांनी हे ध्यानात घेतले, आणि त्यातल्या एका पायाभूत निकालावर मराठी सही आहे. साताऱ्यात जन्मलेले, पुढे भारताचे सरन्यायाधीश झालेले प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी १९६१ मध्ये रामलाल विरुद्ध रेवा कोलफील्ड्स हा निकाल लिहिला. विलंब होता एका दिवसाचा. मुदतीच्या शेवटच्या दिवशी अपील करणारा आजारी पडला आणि अपील दुसऱ्या दिवशी दाखल झाले. खालच्या न्यायालयाने म्हटले की शेवटच्या दिवसाचे आजारपण खरे असेल, पण त्याआधीच्या सगळ्या दिवसांत तू काय करत होतास तेही सांग. गजेंद्रगडकरांनी हे अमान्य केले. कायद्याने दिलेली मुदत ही पक्षकाराची आहे, ती शेवटच्या दिवसापर्यंत वापरण्याचा त्याला हक्क आहे, म्हणून स्पष्टीकरण द्यायचे ते मुदत संपत असतानाच्या आणि त्यानंतरच्या दिवसांचे. एक दिवस माफ झाला आणि अपील ऐकण्यासाठी परत गेले. त्याच निकालात दुसरी बाजूही तेवढ्याच ठामपणे लिहिली आहे: मुदत संपताच जिंकलेल्या पक्षाला एक मोलाचा हक्क मिळतो, आणि तो हलक्या हाताने काढून घेता येत नाही. पुढच्या साठ वर्षांतला वाद या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत झाला आहे.

१९८७ मध्ये पारडे उदारतेकडे झुकले. काश्मीरमधल्या भूसंपादनाची भरपाई सुमारे चौदा लाखांनी वाढली होती. त्याविरुद्धचे राज्याचे अपील चार दिवस उशिरा आले आणि उच्च न्यायालयाने ते फेटाळले. अनंतनागचे भूसंपादन अधिकारी विरुद्ध कातिजी या नावाने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा न्यायमूर्ती एम. पी. ठक्कर यांनी तर्क असा मांडला की मुद्दाम उशीर करून कोणाचाच फायदा होत नाही. दार बंद केले तर खरा दावाही मरू शकतो, उघडले तर फार तर तो गुणवत्तेवर ऐकला जाईल. प्रत्येक दिवसाचा खुलासा मागायचा तर प्रत्येक तासाचा, प्रत्येक सेकंदाचा का नको, असा प्रश्न त्यांनी विचारला. हा निकाल आजही विलंब माफीच्या बहुतेक अर्जांत आढळतो. पण त्यातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ज्याला ही उदारता मिळाली तो अपीलकर्ता गरीब शेतकरी नव्हता, सरकार होते.

सामान्य माणसाला उदारता मिळाल्याचे उदाहरण हवे असेल, तर १९९८ चे बालकृष्णन प्रकरण पाहावे. विलंब ८८३ दिवसांचा, म्हणजे जवळजवळ अडीच वर्षांचा. त्या गृहस्थाने वकिलावर विसंबून काम सोपवले होते आणि वकिलाने ते केले नाही. त्याने त्या वकिलाविरुद्ध मद्रासच्या ग्राहक मंचात तक्रार केली आणि मंचाने त्याला ५०,००० रुपये भरपाई मिळवून दिली. ग्राहक मंचाने ज्याची फसगत मान्य केली, त्याला न्यायालयाने बेफिकीर ठरवावे का? न्यायमूर्ती के. टी. थॉमस यांनी विलंब माफ केला आणि लिहिले की दिवसांची संख्या महत्त्वाची नाही, स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे की नाही हे महत्त्वाचे. कधी एखाद्या दिवसाचाही विलंब माफ होणार नाही, तर कधी फार लांबचाही माफ होईल.

हे सूत्र योग्य आहे. अडचण अशी की पटण्याजोगे स्पष्टीकरण लिहायलाही कोणीतरी लागतो. विलंब माफीचा अर्ज प्रतिज्ञापत्रासह द्यावा लागतो. आईच्या आजारपणाची दवाखान्याची कागदपत्रे जोडावी लागतात, गावाहून शहरात कधी गेलो, कोणाला भेटलो, पैसे कधी जमले याचा क्रम लावावा लागतो. उसाची पट्टी आल्याशिवाय वकिलाची फी आणि कोर्ट फी भरता आली नाही, हे कारण खरे असते, पण अर्जात ते एका ओळीत उरकले जाते. दैन्य कागदावर नीट उतरले नाही, तर न्यायाधीशालाही ते दिसत नाही.

याच्या शेजारी सरकारी विलंब ठेवून पाहावा. २०१२ च्या टपाल खात्याच्या प्रकरणात, चीफ पोस्टमास्टर जनरल विरुद्ध लिव्हिंग मीडिया, विलंब ४२७ दिवसांचा होता. न्यायालयाने खात्याचा तारखांचा तक्ता उलगडला. दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल ११ सप्टेंबर २००९ चा. नकलेचा अर्ज दिला ८ जानेवारी २०१० रोजी, म्हणजे जवळजवळ चार महिन्यांनी. आणि नक्कल मिळाली त्याच दिवशी. ज्या कामाला एक दिवस पुरला, त्याचा साधा अर्ज द्यायला चार महिने गेले. या व्याख्यानाच्या सुरुवातीचा नकलेच्या पाठीवरचा शिक्का इथे सरकारच्याच विरुद्ध साक्षीला उभा राहिला. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात होती, हे कारण यापुढे चालणार नाही, कायदा सरकारलाही तितकाच बांधतो, असे न्यायालयाने बजावले.

तरी फायली त्याच गतीने फिरत राहिल्या. २०२० मध्ये मध्य प्रदेश सरकार ६६३ दिवस उशिरा आले. कारण सांगितले ते कागदपत्रे मिळत नव्हती असे. न्यायमूर्ती संजय किशन कौल यांच्या खंडपीठाने याला ‘प्रमाणपत्राची प्रकरणे’ म्हटले: अपील फेटाळले जाणार हे ठाऊक असूनही ते दाखल करायचे, म्हणजे सर्वोच्च न्यायालयानेच नाही म्हटले असा कागद मिळतो आणि दिरंगाई करणारा अधिकारी सुटतो. पंचवीस हजार रुपयांचा दंड झाला आणि तो जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करा, असा आदेश निघाला. ही मेख अचूक आहे. दंड खात्यावर बसला, तर तो शेवटी करदाता भरतो.

महाराष्ट्र यात मागे नाही. २०२१ च्या बोर्से ब्रदर्स प्रकरणात राज्याच्या जलसंपदा विभागाचे अपील साठ दिवसांच्या मुदतीनंतर आणखी १३१ दिवसांनी आले होते. लवादाचा निवाडा, व्यापारी स्वरूपाचा वाद, आणि खुलासा पुन्हा तोच, फाइल फिरत होती. न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांनी सांगितले की जिथे कायद्याचा मूळ हेतूच झटपट निकाल हा आहे, तिथे थोडा विलंब अपवाद म्हणून माफ होईल, तो नियम होऊ शकत नाही. विभागाचे अपील गेले. २०२५ मध्ये कर्नाटक गृहनिर्माण मंडळाचा ३९६६ दिवसांचा, म्हणजे जवळजवळ अकरा वर्षांचा विलंब तिथल्या उच्च न्यायालयाने माफ केला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. त्या अकरा वर्षांत समोर एक खाजगी कुटुंब होते, आणि मूळ पक्षकार मरण पावून वारस खटला लढवत होते.

हे सगळे निकाल वाचताना एक विषमता नजरेतून सुटत नाही. सरकारकडे विधी विभाग असतो, सरकारी वकील असतात, प्रत्येक निकालाची माहिती त्यांना त्याच दिवशी मिळते. तरीही ‘सामूहिक निर्णयाला वेळ लागतो’ ही सबब वर्षानुवर्षे सहानुभूतीने ऐकली गेली. दुसऱ्या बाजूला जमीन गेलेला माणूस. आंध्रातल्या तेलुगू गंगा प्रकल्पातल्या भूसंपादनात वारसांनी ५६५९ दिवसांनी अपील केले. त्यांचे कारण होते की वडिलांच्या खटल्याची माहितीच उशिरा कळली. २०२४ मध्ये ते नाकारले गेले. पंधरा वर्षांहून मोठा विलंब माफ करणे अवघड आहे, हे मान्यच करावे लागेल. पण भूसंपादनात एक मधला रस्ता न्यायालयांनीच शोधला होता. २०१४ च्या धीरज सिंग प्रकरणात, हरियाणातल्या शेतकऱ्यांचा विलंब माफ करून विलंबाच्या काळाचे व्याज मात्र नाकारण्यात आले. शेजारच्या गट नंबरला जो भाव मिळाला तोच यांना मिळाला, आणि उशिराची किंमत त्यांनी व्याजात मोजली. सरकारचे नुकसान झाले नाही, शेतकऱ्यावर अन्याय राहिला नाही. विलंब माफीच्या साऱ्या इतिहासात याहून समजूतदार तोडगा क्वचितच सापडेल.

काही कायद्यांत तर हा विवेकच काढून घेतला आहे. लवाद निवाडा रद्द करण्याच्या अर्जाला तीन महिने, पुरेसे कारण असेल तर आणखी तीस दिवस, त्यानंतर नाही. दिवाळखोरी संहितेतल्या अपिलाला तीस अधिक पंधरा. बडे व्यापारी पक्ष समोरासमोर असतील तिथे हे योग्य आहे. पण दार असे पक्के बंद झाले की ते कोणावर आपटेल, हे सांगता येत नाही. अमेरिकेतले दोन निकाल हे फार स्पष्ट दाखवतात. ओहायोतल्या एका कैद्याला अपिलाची सूचना देण्यासाठी कायद्याप्रमाणे चौदा दिवस मिळायला हवे होते. न्यायाधीशाने चुकून सतरा दिले. २७ फेब्रुवारीपर्यंत ये, असे आदेशात लिहिले होते, आणि सूचना त्या तारखेच्या आतच दाखल झाली. २००७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते अपील मुदतबाह्य ठरवले. खुद्द न्यायाधीशाच्या लेखी आदेशावर विसंबणेही उपयोगी पडले नाही. त्याच न्यायालयाने १९८८ मध्ये टेनेसीतल्या एका कैद्याला मात्र दिलासा दिला होता. त्याने सत्ताविसाव्या दिवशी सूचना तुरुंगाधिकाऱ्याच्या हाती दिली, न्यायालयाचा शिक्का पडला एकतिसाव्या दिवशी, मुदत तीसची. कैदी स्वतः टपाल कचेरीत जाऊ शकत नाही, म्हणून अधिकाऱ्याच्या हाती कागद दिला तीच दाखल करण्याची वेळ, असे ठरले. आपल्याकडेही तुरुंगातून अपील करणाऱ्याने कागद तुरुंगाधिकाऱ्याकडे द्यायचा आणि पुढे तो न्यायालयात पोहोचवणे अधिकाऱ्याचे काम, ही तरतूद फौजदारी प्रक्रियेत आहे. ज्याला हलता येत नाही त्याचे घड्याळ वेगळे मोजावे, हा साधा विचार त्यामागे आहे.

आणि एकदा साऱ्या देशालाच हलता येत नव्हते. २३ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपणहून आदेश दिला की १५ मार्चपासून सर्व मुदती वाढल्या समजाव्यात. ती सवलत टप्प्याटप्प्याने २८ फेब्रुवारी २०२२ पर्यंत चालली आणि त्यानंतरही नव्वद दिवस मिळाले. कोणाला अर्ज करावा लागला नाही, दवाखान्याची कागदपत्रे जोडावी लागली नाहीत. घराबाहेर पडता येत नाही म्हणजे काय, हे तेव्हा न्यायाधीशांपासून पक्षकारांपर्यंत सर्वांना एकाच वेळी कळले. सावंतवाडीच्या किंवा जतच्या माणसाला ते त्याआधीही ठाऊक होते. सिंधुदुर्गातल्या शेतकऱ्याला दुसरे अपील करायला मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच चालू झाले आणि सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचे अंतर कमी झाले. वकिलांनी आणि जनतेने त्यासाठी काही दशके मागणी केली होती. मुदतीतले दिवस अंतर कमी करूनही वाचतात.

न्यायालयांनी सरकारी फायलींचा खुलासा कठोरपणे तपासावा आणि दंड अधिकाऱ्याच्या पगारातून घ्यावा. सामान्य पक्षकाराचे कारण ऐकताना त्याच्याजवळ काय साधने होती ते आधी पाहावे. हे न्यायाधीशांचे काम झाले. पण विलंबाचा बराचसा भाग त्यांच्यापर्यंत पोहोचण्याच्या आधीच रोखता येतो, आणि ते आपल्या हातात आहे. निकालाच्या नकलेवर तीन तारखांचा शिक्का असतोच. त्याखाली चौथी ओळ हवी: अपील कुठे करायचे आणि शेवटचा दिवस कोणता. ती ओळ मराठीत आणि ठळक असावी. तोपर्यंत सभागृहातल्या प्रत्येक वकिलाने आणि कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पक्षकाराला निकाल देताना ती तारीख स्वतःच्या हाताने कागदावर लिहून द्यावी आणि तोंडाने वाचून दाखवावी. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय दाखवावे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि कैदी यांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. दूरध्वनीवरून मदत मागायची असेल, तर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० आहे.